बंदूक वारशाने येते, परवाना येत नाही

महाळुंगे आणि बालेवाडीच्या सीमेवर श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते बांधलं गेलं. तिथल्या नेमबाजीच्या रेंजवर शाळा-कॉलेजातली मुलंमुली लांबट बॅगा पाठीवर टाकून सरावाला येतात. त्याच मुळशी तालुक्यातल्या जुन्या गावठाणांत काही घरी आजोबांच्या नावावरची बारा बोअरची बंदूक अजून कपाटात आहे. आणि जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून कमरेला पिस्तूल लावून फिरणारी मधली पिढीही याच रस्त्यांवर दिसते. वस्तू एकच, पण तिच्याकडे पाहणाऱ्या नजरा तीन.

या महिन्यात हा विषय घेण्याचं कारण एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. त्या या भागातल्या एका एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सूनबाई. सासऱ्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांच्या बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण जवळ आलं आहे. सासऱ्यांना वाटतं, बंदूक थोरल्या मुलाच्या नावावर करावी, घराण्याची वस्तू घरात राहावी. मुलगा म्हणतो, "अब्बा, ही जुनी एकनळी घेऊन मी काय करू? करायचंच तर पिस्तुलाचं बघू." तो जमिनीचे व्यवहार करतो, रात्री-अपरात्री फिरतो. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी बालेवाडीला एअर रायफल शिकते. कपाटाची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली पाहून ती म्हणाली, "आजोबा, आमच्या रेंजवर कुणी बंदूक अशी ठेवली ना, तर सर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतील." आजोबा रागावले. अब्बा हसले. सूनबाईंनी आम्हाला लिहिलं, "माझं मत कुणी विचारत नाही. पण ते कपाट माझ्या खोलीत आहे. आम्ही काय करावं?"

उत्तर देण्याआधी तिघांची बाजू समजून घेऊ. कारण या घरात कुणीही मूर्ख नाही आणि कुणीही वाईट नाही. प्रत्येक जण आपापल्या काळातून बोलतो आहे.

आजोबांची बंदूक

आजोबांच्या पिढीला बंदूक घरात का हवी होती, हे आजच्या टॉवरमध्ये राहणाऱ्याला उमगणार नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हा सगळा भाग भातशेतीचा आणि उसाचा. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक लोळवून जायचा. राखणीला शेतात माच्यावर बसावं लागायचं. फोन नाही, वीज नाही, पोलीस ठाणं लांब. त्या काळात बंदूक म्हणजे कंदील, काठी, कोयता यांच्या रांगेतली एक वस्तू. कायद्यालाही ही गरज मान्य होती. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे.

पण या पिढीच्या मनात बंदुकीला गरजेपलीकडेही एक मान होता. त्याची मुळं इतिहासात आहेत. १८५७ नंतर इंग्रजांना हिंदी माणसाच्या हातातल्या हत्याराची धास्ती बसली. व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला हत्यार ठेवायला परवाना लागू लागला आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. आपल्याच देशात आपल्यावर अविश्वास, ही गोष्ट लोकांना फार लागली. काँग्रेसने या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही मागितला होता. म्हणजे परवान्याची बंदूक घरात असणं, यात "आम्हीही विश्वासाची माणसं आहोत" असा एक ताठपणा होता. आजोबांनी तो त्यांच्या वडिलांकडून घेतला.

पुढची गोष्ट मात्र घराघरांत सांगितली जात नाही. स्वातंत्र्य मिळालं, राज्यघटना लिहायला घेतली आणि डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. कराचीच्या ठरावाचा त्यांनी आधार घेतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला विरोध केला. असा सरसकट हक्क दिला तर चोर-दरोडेखोरही तो मागतील, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सभेने दुरुस्ती फेटाळली. गुलामीत ज्यांनी हा हक्क मागितला, त्यांनीच स्वतंत्र झाल्यावर विचारपूर्वक तो मूलभूत हक्कांबाहेर ठेवला. त्यामुळे आपल्याकडे बंदूक ठेवणं हा हक्क नाही, ती सरकारने कारण पाहून दिलेली परवानगी आहे. अमेरिकेत नेमकं उलट आहे. तिथे १७९१ पासून हा हक्क घटनेत आहे. तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्या मुला-पुतण्यांना विचारा. शाळेत गोळीबार झाला तर वर्गात दाराआड गप्प कसं बसायचं, याचा सराव त्यांची लहान मुलं करतात.

आजोबांच्या पिढीची एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडते. त्यांनी कागदाचा मान ठेवला. नूतनीकरणाची तारीख चुकवली नाही. निवडणूक आली आणि ठाण्यातून निरोप आला की बंदूक कापडात गुंडाळून जमा केली, पावती जपून ठेवली, निकालानंतर परत आणली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा शिकारीचा शौक सोडला. कुरकुर केली असेल, पण सोडला.

त्यांची उणीव वेगळीच आहे. त्यांना कायदा कचेरीत दिसतो, घरात दिसत नाही. किल्ली खिळ्याला, काडतुसं त्याच कपाटातल्या डब्यात. "आपल्या घरातली मुलं हात लावायची नाहीत," हा त्यांचा भरवसा. भरवसा चांगली गोष्ट आहे, पण कुलपाचं काम तो करू शकत नाही.

अब्बांचं पिस्तूल

आता मधली पिढी. हिंजवडीला राजीव गांधी आयटी पार्क आला आणि या बाजूच्या गावांचं नशीब पालटलं. एकराने मोजली जाणारी जमीन गुंठ्याने आणि मग चौरस फुटाने विकली जाऊ लागली. महाळुंगे-माण भागासाठी पीएमआरडीएने नगररचना योजना आखली. जून २०२१ मध्ये महाळुंगे पुणे महापालिकेत गेलं. पैसा आला आणि त्याच्यासोबत दलाल, जुने हिस्सेदार, कुळांचे वाद, बनावट कुलमुखत्यारपत्रं आणि धमक्यांचे फोनही आले. अब्बांची भीती अगदीच खोटी नाही, हे आम्ही मान्य करतो.

पण भीतीत दुसरंही काही मिसळलं. पिस्तूल लपवण्याची वस्तू न राहता दाखवण्याची झाली. शर्ट जरा वर करून बसायचं. वाढदिवसाच्या फोटोत कमरेकडे कॅमेरा जाईल असं उभं राहायचं. २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' चित्रपट आला आणि जमिनीतून आलेल्या पैशाची आणि हिंसेची ही कहाणी महाराष्ट्रभर पोचली. तो चित्रपट म्हणजे इशारा होता. काही तरुणांनी त्यातला इशारा सोडला आणि ऐट तेवढी उचलली.

जुलै २०२४ मध्ये मुळशी तालुक्यातल्याच धडवली गावचा एक व्हिडिओ देशभर फिरला. जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल दाखवून धमकावल्याचा आरोप झाला, गुन्हा नोंदवला गेला, अटक झाली. त्या प्रकरणाचा न्याय न्यायालय करेल, तो आमचा विषय नाही. आम्हाला एवढंच दिसतं की, स्वसंरक्षणासाठी म्हणून घेतलेलं हत्यार बांधावरच्या वादात बाहेर निघालं की वाद जमिनीचा राहत नाही. तो फौजदारी होतो. ज्याची बाजू सातबाऱ्यावर खरी आहे, तोही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो. जमिनीचा वाद मोजणी, फेरफार, तहसील आणि दिवाणी न्यायालयातच मिटतो. तो रस्ता लांब आहे, कंटाळवाणा आहे, हे खरं. पण पिस्तुलाने तो एका दिवसानेही जवळ येत नाही.

अब्बांचा एक युक्तिवाद नेहमीचा आहे: "गुंडाकडे बिनपरवान्याचा कट्टा असतो. नियम काय ते आम्हा सरळ माणसांना." यात तथ्य आहे. आपल्या देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतेक हत्यारं बिनपरवान्याची असतात. पण त्यातून निघणारा निष्कर्ष कट्टे बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना पकडा, हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली, ती त्याचसाठी. सरळ माणसांवरचे नियम सैल करा, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. सरळ माणसाच्या घरातून चोरीला गेलेलं पिस्तूलही शेवटी गुंडाच्याच हातात पडतं.

या पिढीची कायद्याकडे पाहण्याची नजर आम्हाला खटकते ती इथे. आजोबांना परवाना हा मान वाटत होता. अब्बांना ते ओळख लावून करून घ्यायचं काम वाटतं. "कुणाला भेटावं लागेल?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. "मला खरंच गरज आहे का?" हा प्रश्न आलाच तर शेवटी येतो.

नातीची रायफल

तिसऱ्या पिढीकडे येऊ. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, मध्य रेल्वेत नोकरीला आणि सरावाला आपल्या बालेवाडीत. त्याच्या आधी कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण आणलं. अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचल्या होत्या. उत्तर प्रदेशातल्या मैराज अहमद खानने २०२२ मध्ये स्कीट प्रकारात विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं, शहजर रिझवीने २०१८ मध्ये दहा मीटर एअर पिस्तुलात. आपल्या मुलामुलींना ही नावं सांगायला हवीत.

या मुलांना बंदुकीत काय दिसतं? दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या लक्ष्याचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. त्यासाठी श्वास आवरावा लागतो, मन थाऱ्यावर ठेवावं लागतं. रागावलेला नेमबाज हरतो. रेंजवर पहिले कितीतरी दिवस नियमच शिकवतात. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. बंदूक रिकामी आहे असं कधीही गृहीत धरायचं नाही, उघडून पाहायचं आणि दुसऱ्याला दाखवायचं. सराव थांबला की नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालायचा, म्हणजे लांबूनही कळतं की आत गोळी नाही. प्रशिक्षकाने "थांबा" म्हटलं की थांबायचं, कितीही छान नेम लागलेला असो. पंधरा वर्षांची मुलगी आजोबांना किल्लीवरून टोकते ती उद्धटपणाने नाही. तिच्या अंगवळणी पडलेला कायदा ती घरात लागू करते आहे.

पण ही पिढी सगळीच रेंजवर नाही. तिच्याच वयाचा दुसरा मुलगा मोबाईलवर रील बनवतो. मागे धमकीचं गाणं, हातात पिस्तूल, कधी खेळण्यातलं, कधी कुणा मोठ्याचं खरं. अशा रील्सवरून पुण्यात तरुणांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. नोकरीच्या, पासपोर्टच्या पडताळणीत तो गुन्हा पुढे येतो, तेव्हा आई-वडील कपाळाला हात लावतात. याची सुरुवात आपणच करून देतो की काय, हाही विचार करावा. ईदीचे पैसे हातात पडले की लहान मुलं आधी छर्‍याची प्लास्टिकची बंदूक घेतात आणि दिवसभर एकमेकांच्या चेहऱ्यावर रोखतात. मोठी माणसं कौतुकाने हसतात. उरुसात फुगे फोडायला बंदूक हातात देणारा दुकानदारही "समोर धर, इकडेतिकडे फिरवू नको" असं सांगतो. ते आपण घरी सांगत नाही.

म्हणून नवी पिढी शहाणी किंवा नवी पिढी बिघडलेली, असं आम्ही म्हणणार नाही. एकाच वयाची दोन मुलं आहेत. एकाच्या हातात बंदूक देण्याआधी कुणीतरी नियम दिले, दुसऱ्याला कुणी दिलेच नाहीत. फरक तेवढाच आहे.

कायदा काय सांगतो

आता त्या घराचा प्रत्यक्ष प्रश्न. पहिली गोष्ट, परवाना माणसाला असतो, घराला नसतो. आजोबांच्या परवान्यावर मुलाने किंवा सुनेने बंदूक बाळगणं बेकायदा आहे. दुसरी गोष्ट, २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाचं निधन झाल्यावर त्याचा वारस स्वतःच्या नावाने परवाना मागू शकतो. धारक हयात असतानाही, त्याने वयाची ७० वर्षं पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं असेल, तर तो आपल्या वारसांपैकी एकाचं नाव सुचवू शकतो. पण सुचवणं म्हणजे मिळणं नव्हे. वारसाचं वय २१ पूर्ण असावं लागतं. त्याची पोलीस पडताळणी होते, त्याला शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, हत्यार कुठे आणि कसं सुरक्षित ठेवणार हे सांगावं लागतं. परवाना देणारं कार्यालय, म्हणजे भागानुसार पोलीस आयुक्तालय किंवा जिल्हाधिकारी, तो नाकारूही शकतं.

तिसरी गोष्ट, आजोबांच्या एकनळीचा परवाना म्हणजे पिस्तुलाचा परवाना नव्हे. पिस्तुलासाठी जिवाला धोका आहे हे स्वतंत्रपणे पटवून द्यावं लागतं. चौथी, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाने आलेली धरून. मान्यताप्राप्त नेमबाजांसाठी नियम वेगळे आहेत. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली आहे. पाचवी, लग्नात, मिरवणुकीत आनंदाने हवेत गोळी झाडणं हा आता वेगळा गुन्हा आहे. त्यातून कुणाच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि सहावी, जी शोकाच्या दिवसांत हमखास विसरली जाते. परवानाधारकाचं निधन झालं किंवा परवाना संपला, तर घरातली ती बंदूक त्या दिवसापासून बिनपरवान्याची होते. विनाकारण उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायला हवी. जमा केली म्हणजे गेली असं नाही. ठरलेल्या मुदतीत वारस परवाना काढून ती परत घेऊ शकतो किंवा रीतसर विकू शकतो. चाळिसावा होऊ दे, मग बघू, असं करू नये.

नातीच्या खेळाला यातलं फारसं काही आड येत नाही. तिची ४.५ मिलिमीटरची स्पर्धेची एअर रायफल कमी ताकदीची असल्याने तिला परवाना लागत नाही. मोठ्या बोअरच्या सरावासाठीही बारा वर्षांवरच्या मुलांना प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मुभा आहे. म्हणजे घरातल्या सर्वात लहान नेमबाजाला घरातल्या बंदुकीची गरजच नाही.

खरा धोका कुठे आहे

बंदूक घरात ठेवताना आपल्या डोळ्यांसमोर दरोडेखोर असतो. तो बहुधा येत नाही. घरात जे नक्की येतं ते दुसरंच असतं. वाटणीवरून दोन भावांत पेटलेलं रात्रीचं भांडण असतं. परीक्षेत किंवा धंद्यात खचलेला, कुणाशी न बोलणारा तरुण असतो. एकटे पडलेले, दुखण्याला कंटाळलेले बुजुर्ग असतात. सुट्टीला आलेला सहा वर्षांचा भाचा असतो, ज्याला प्रत्येक कपाट उघडून पाहायचं असतं. हे सगळे आपलेच. राग ओसरतो, निराशेची रात्र सरते, मूल दुसऱ्या खेळाकडे वळतं. हत्यार हाताशी असलं की ती सवड मिळत नाही. मन आणि कृती यांच्यात जे दोन-चार क्षण असतात, ते बंदूक हिरावून घेते.

आपल्या पैगंबरांनी (स.) तिरंदाजीला उत्तेजन दिलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनीच मशिदीत किंवा बाजारात बाण घेऊन जाणाऱ्याला टोकं हाताने धरायला सांगितलं, कुणाला ओरखडाही उठू नये म्हणून. थट्टेतसुद्धा आपल्या भावावर हत्यार रोखायला मनाई केली. कौशल्य आणि सावधगिरी एकाच शिकवणीत आहेत. आपण पहिली गोष्ट अभिमानाने सांगतो आणि दुसरी सोयीने विसरतो.

आमचं उत्तर

तर भगिनी, आमचं मत असं. जेवणानंतर सगळे दस्तरखानावर बसलेले असतानाच हा विषय काढा आणि तीन प्रश्न विचारा. आज, या वर्षी, आपल्या घराला या बंदुकीची गरज कशासाठी आहे? शेत उरलं नसेल, तर पिकाचं रक्षण हे कारण उरत नाही. जो ती नावावर घेणार, तो तिचे नियम रोज पाळणार आहे का? आणि घरातल्या प्रत्येकाला, बायकांना धरून, ती घरात असताना निर्धास्त झोप लागते का? तीनपैकी एकाचं उत्तर जरी "नाही" आलं, तर वारसाचा अर्ज करू नका. रीतसर जमा करा किंवा परवानाधारकाला विका. आजोबांना समजावताना त्यांचा मान राखा. त्यांनी इतकी वर्षं एक जोखमीची वस्तू सांभाळली आणि कुणाला इजा होऊ दिली नाही, ही खरी कमाई आहे. परवान्याचं जुनं पुस्तक आणि बंदुकीसोबतचा त्यांचा फोटो घरात ठेवा. घराण्याची आठवण जपायला तेवढं पुरतं.

अब्बांना धमक्या खरोखर येत असतील तर आधी त्यांची लेखी तक्रार पोलिसांत द्या, फोनची नोंद ठेवा, वकील गाठा, पैशाचे व्यवहार बँकेतून करा. हे सगळं करूनही धोका उरला, तर पिस्तुलाचा विचार सर्वात शेवटी.

आणि जोवर बंदूक घरात आहे, तोवर आजपासूनच एवढं करा. बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसं वेगळ्या जागी वेगळ्या कुलपात, किल्ली फक्त परवानाधारकाकडे. खिळा आजच काढा. कपाट तुमच्या खोलीतून हलवायला सांगा. घरात कुणी फार खचलेलं दिसलं, कुणाचं डोकं ताळ्यावर नाही असं वाटलं, तर त्याच दिवशी ती विक्रेत्याकडे ठेवून पावती घ्या.

कॅनडात बंदुकीचा परवाना मागणाऱ्याच्या अर्जावर त्याच्या जोडीदाराची सही मागतात. सही नसेल तर अधिकारी जोडीदाराला स्वतः कळवतात की असा अर्ज आला आहे. आपल्या अर्जात तो रकाना नाही. पण कोणताही अर्ज कचेरीत जाण्याआधी घरात लिहिला जातो. सूनबाईंना विचारल्याशिवाय तो भरायचा नाही, एवढं आपल्या घरापुरतं ठरवायला कुठल्याही दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही.